न निघालेल्या सिनेमाची गाणी

२०१२ च्या ऑक्टोबरअखेर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या 'द कू' या हिपहॉप बँडचा 'सॉरी टू बॉदर यू' हा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्याच्या नावातच कॅशस ग्रीन नावाचा एक माणूस येतो. आम्ही तुला पुष्कळ काही शिकवणार आहोत, असं त्याला उद्देशून म्हटलेलं आहे. हा कॅशस कोण, कुठला, त्याला काय शिकवायचंय, हे तेव्हा अल्बम विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. कारण कॅशस हा एका सिनेमाचा नायक होता आणि तो सिनेमा अस्तित्वातच नव्हता. कागदावर होता. बँडचा म्होरक्या बूट्स रायली याने तो लिहून ठेवला होता आणि काढायला त्याच्याकडे पैसे नव्हते.

सिनेमा आला की त्याची गाणी निघतात. गाजलेल्या गाण्यांवरून पुढे सिनेमा निघाल्याचीही उदाहरणं आहेत. पण जो सिनेमा निघालाच नाही, निघेल की नाही याचीही खात्री नाही, त्याच्या प्रेरणेने आधी अख्खा अल्बम करून टाकायचा, हे मला विलक्षण वाटतं. पुढे २०१४ मध्ये तीच पटकथा पुस्तक म्हणून छापून आली आणि २०१८ मध्ये सिनेमा आला. नाव तिन्हीकडे एकच, माणूस तोच, शहर तेच. मध्ये सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांबद्दल मी गेले कित्येक दिवस विचार करतो आहे.

रायली १९७१ चा. जन्म शिकागोचा, वाढला ओकलंडमध्ये. आईवडील चळवळीतले आणि तो स्वतःही शाळकरी वयातच डाव्या संघटनेत शिरलेला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात तो सिनेमा शिकत होता, तेवढ्यात बँडला रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला आणि सिनेमा मागे पडला. १९९३ मध्ये 'द कू'चा पहिला अल्बम आला. त्यांची गाणी घरमालक, भाडं, पगार, पोलीस यांच्याबद्दलची असायची, पण त्यांवर नाचताही यायचं. मला त्या बँडचं सगळ्यांत जास्त कौतुक आहे ते याचं. विचार पक्का असला की चाल कोरडी होते हे मी आपल्याकडच्या कितीतरी मोर्च्यांच्या गाण्यांत ऐकलंय. 'द कू'च्या गाण्यांत बास गिटार आधी पायांना पकडते, शब्द मागून येतात.

आणि त्या गाण्यांत गोष्टी होत्या. १९९८ च्या अल्बममध्ये एक लांबलचक गाणं आहे. गाडीतून चाललेली दोन माणसं, त्यांतला एक दलाल, दुसरा त्याच्या हाताखाली वाढलेला पोरगा, आणि या दोघांमध्ये मेलेली एक आई. संगीत काढून घेतलं तरी ती नुसती कथा म्हणून उभी राहील. मोनिक मॉरिस या लेखिकेने त्या एका गाण्यावरून पुढे कादंबरी लिहिली. म्हणजे रायलीचं गाणं एकदा पुस्तक होऊन गेलेलं होतं, पण दुसऱ्याच्या हातून. या खेपेला त्याने सगळंच स्वतः करायचं ठरवलं असावं, असं मला वाटतं.

पटकथेचं बीज त्याच्या नोकरीत होतं. त्याने टेलिमार्केटिंगचं काम केलेलं होतं. अनोळखी माणसाच्या घरी फोन लावायचा, तो जेवत असो, भांडत असो, रडत असो, त्याच्या आयुष्यात घुसायचं आणि समोरच्या कागदावरची वाक्यं म्हणायची. सिनेमाचं नावच मुळी त्या फोनवरच्या पहिल्या दिलगिरीचं आहे.

इथे माझा या गोष्टीशी संबंध येतो. मीही हे काम केलं आहे. पुण्यात, रात्रपाळीला. संध्याकाळी कॉलनीच्या तोंडाशी क्वालिस येऊन उभी राहायची, आणि आई शेजारणीला सांगायची, पोरगा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमचं आउटबाउंड प्रोसेस होतं, अमेरिकेतल्या घरी फोन लावायचे. लॉग-इन झालं की डायलर एकामागून एक नंबर टाकत जायचा, श्वास घ्यायला फुरसत नाही. फोनवरचं नाव वेगळं होतं. प्रशिक्षणात पहिले कित्येक दिवस एमटीआय काढण्यात गेले. आपल्या मातृभाषेची इंग्रजीवर पडलेली सावली म्हणजे एमटीआय, आणि ती काढून टाकायची. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे करायचे, 'टी' आणि 'डी'वर जीभ जोरात आपटायची नाही. ट्रेनर सांगायच्या, बोलताना हसा, हसू फोनवर ऐकू येतं. ते खरंच ऐकू येतं.

म्हणून सिनेमातला तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला खुर्चीत नीट बसवेना. कॅशस ग्रीन हा काळा तरुण, मामाच्या गॅरेजमध्ये राहतो, भाडं थकलेलं, गाडीत पेट्रोल चिल्लर मोजून टाकतो. त्याला टेलिमार्केटिंगची नोकरी लागते आणि एकही फोन जमत नाही. शेजारच्या टेबलावर लँगस्टन नावाचा वयस्क सहकारी असतो, डॅनी ग्लोव्हरने केलेला. तो त्याला सांगतो, गोऱ्या माणसाच्या आवाजात बोल. कॅशस नाकात बोलून दाखवतो. लँगस्टन म्हणतो, तसं नाही. आणि मग तो जे समजावतो त्याचा मथितार्थ असा, की तो आवाज उच्चारांचा नाहीच. ज्याची बिलं भरलेली आहेत, ज्याला उद्याची काळजी नाही, ज्याला हा फोन लागला नाही तरी काही बिघडत नाही, अशा माणसाचा तो आवाज आहे. खुद्द गोऱ्यांनाही तसा आवाज नसतो, आपला आवाज असा असावा असं त्यांना वाटत असतं.

आमच्या ट्रेनरना हे माहीत असतं तर एमटीआयवर इतके दिवस खर्च झाले नसते. आमच्या फ्लोअरवर ज्यांचे सेल होत, ती मुलं उत्तम इंग्रजी बोलणारी होतीच असं नाही. ती घरून निर्धास्त असलेली मुलं होती. बाकीच्यांच्या आवाजात महिन्याची वीस तारीख ऐकू यायची.

आता या एका प्रसंगाचं तीन ठिकाणी काय होतं ते बघण्यासारखं आहे. अल्बममध्ये तो प्रसंग नाही. मी सिनेमा आधी पाहिला आणि अल्बम मागाहून ऐकला, तेव्हा मी त्यात कॉल सेंटर शोधत होतो. ते सापडत नाही. त्यात शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गणिताबद्दलचं एक गाणं आहे, सत्ताधाऱ्यांना गिलोटीनची आठवण करून देणारं एक आहे, बड्या बापांच्या पोरांवरचं एक आहे. कॅशसचं नाव घेणारं ते एक गाणं सोडलं तर कथानकाचा मागमूस नाही. रायलीने गाण्यांतून गोष्ट सांगितलीच नाही, त्या गोष्टीचा ताप तेवढा गाण्यांत उतरवला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. सिनेमा निघणार नाही असं दिसत असताना दुसऱ्या कुणी गोष्ट जशीच्या तशी गाण्यांत कोंबली असती, निदान ती कुठेतरी नोंदली जावी म्हणून. पात्रांना आवाज वाटून दिले असते, मध्ये निवेदन घातलं असतं. तसं केलं असतं तर गाणीही लंगडली असती आणि सिनेमा उरला नसता, कारण जे सांगायचं ते सांगून झालं असतं.

पुस्तकात प्रसंग आहे, पण आवाज नाही. लेखक डेव्ह एगर्स यांच्या मॅकस्वीनीज या प्रकाशनाने ती पटकथा २०१४ मध्ये वेगळं पुस्तक म्हणून छापली. न निघालेल्या सिनेमाची पटकथा सहसा कुणी छापत नाही. ती वाचायची कशी हाही प्रश्नच असतो, कारण पटकथा ही तशी कामाची चिठ्ठी, कॅमेऱ्याने इकडे वळावं, दिवा इथे असावा. पण छापल्यावर ती दीर्घकथेसारखी वाचली जाते. कागदावर 'गोऱ्या माणसाच्या आवाजात' एवढं लिहिलं की लेखकाचं काम संपतं. आवाज कसा, किती वरचा, ओठांशी जुळणारा की नाही, हे वाचणाऱ्याने आपापल्या कानात ठरवायचं. पुस्तकाचं सुख तेच आहे आणि पळवाटही तीच.

सिनेमात पळवाट नाही. तिथे कुणीतरी तोंड उघडावंच लागतं. लकीथ स्टॅनफिल्ड हा कॅशस झालेला नट उत्तम आहे, त्याला आवाज बदलायला सांगता आलं असतं, आणि प्रेक्षकांनी त्याच्या कौशल्याला दादही दिली असती. रायलीने ते केलं नाही. त्याने डेव्हिड क्रॉस या गोऱ्या विनोदी नटाचा आवाज स्टॅनफिल्डच्या तोंडावर चढवला, आणि तोही असा, की हे डबिंग आहे हे लपू नये. कॅशस बोलतो तेव्हा आवाज त्याच्या अंगातून येत नाही, कुठून तरी वरून येऊन त्याच्या ओठांवर बसतो. जन्मभर स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवत आलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. मूळ ट्रॅक कुठला आणि वरून टाकलेला कुठला, हे त्याच्या कानाला कळतं आणि ते अंतर त्याने बुजवलं नाही. पडद्यावर ते बघताना मला माझं फोनवरचं नाव आठवलं. त्या नावाने मी जे बोलायचो ते माझ्या तोंडून निघायचं, पण माझ्या छातीत कुठेच हलायचं नाही.

तसाच दुसरा प्रसंग. फोन लागला की कॅशसचं अख्खं टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, त्याच्यासकट धाडकन समोरच्या माणसाच्या घरात जाऊन आदळतं. बाई जेवणाच्या टेबलावर बसली आहे आणि हा समोर टपकतो. गाण्यात ही एक ओळ झाली असती. सिनेमात त्यासाठी खरं टेबल खरोखर खाली सोडावं लागतं. सगळा खर्च मिळून सुमारे ३२ लाख डॉलर होता. तिकडच्या मानाने तो फारच कमी. पैसे कमी असले की हातांनी करता येईल ते करायचं, असं त्या सिनेमात जागोजाग दिसतं, आणि त्यानेच त्याला एक खडबडीतपणा आलाय.

सहा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. पटकथेत 'वरी-फ्री' नावाची एक कंपनी आहे. ती लोकांशी जन्मभराचा करार करते. काम करा, बदल्यात राहायला बंक, जेवायला अन्न, पगाराची कटकट नाही. ही कंपनी अमेरिकेला पुन्हा महान करते आहे अशा अर्थाचं एक वाक्य रायलीने जुन्या मसुद्यात लिहिलेलं होतं. पुढे ट्रम्प यांनी तीच घोषणा घेऊन निवडणूक लढवली आणि रायलीला स्वतःचं वाक्य काढून टाकावं लागलं, नाहीतर ते नक्कल केल्यासारखं दिसलं असतं. लिहून ठेवलेली अतिशयोक्ती वास्तवाने मागून येऊन गाठली. असं झालं की सिनेमा शिळा होतो अशी भीती असते. इथे उलट झालं. २०१२ मध्ये जे बेफाम वाटलं असतं ते २०१८ मध्ये लोकांना जवळचं वाटलं.

पण सगळ्यांत जास्त मी थांबतो तो पार्टीच्या प्रसंगापाशी. कॅशसला बढती मिळालेली आहे, तो सोनेरी लिफ्टने वरच्या मजल्यावर जातो, भरपूर पैसे मिळवतो. 'वरी-फ्री'च्या मालकाच्या घरी पार्टी आहे, पाहुणे बहुतेक सगळे गोरे. मालक त्याला म्हणतो, रॅप करून दाखव. कॅशस सांगतो, मला येत नाही. खरंच येत नाही. पण तो काळा आहे, ओकलंडचा आहे, म्हणजे येतच असणार. आग्रह वाढतो. तो दोनचार यमकं जुळवायचा प्रयत्न करतो, ती पडतात. मग तो एक शिवी आणि एक वंशवाचक शब्द, एवढंच ठेक्यावर ओरडायला लागतो, आणि सगळी पार्टी बेभान होऊन तेच ओरडायला लागते.

हे लिहिणारा माणूस त्या वेळी पंचवीस वर्षं रॅप करत आलेला होता. यमक कसं बसतं, श्वास कुठे घ्यायचा, ओळ ठोक्याच्या किंचित मागे कशी टाकायची, हे ज्याच्या हाडांत मुरलंय, त्याने आपल्या नायकाला ती कला अजिबात दिली नाही. आपल्या सिनेमात आपली कला मिरवायची नाही, ती नसलेल्या माणसाकडून ती मागितली जाते तेव्हा काय होतं ते दाखवायचं. ही गोष्ट तो गाण्यात कधीच सांगू शकला नसता. गाण्यात तो स्वतः माइकसमोर असतो आणि उत्तमच गातो. वाईट रॅप करणारा माणूस दाखवायला त्याला माइक सोडून कॅमेऱ्यामागे जावं लागलं. गाणी असताना, पुस्तक असताना सिनेमा हवाच कशाला, असं कुणी मला विचारलं तर मी हा एकच प्रसंग दाखवीन.

संगीताबाबतही त्याने तेच केलं. बँड हाताशी असताना, सहा वर्षांपूर्वीचा अल्बम तयार असताना, सिनेमाचं पार्श्वसंगीत त्याने 'ट्यून-यार्ड्स'ला दिलं. मेरिल गार्बसचा तो विचित्र, गळ्यातून काढलेल्या आवाजांचा गट. 'द कू'ने या सिनेमासाठी नवी गाणी केली आणि तो वेगळा अल्बम २०१८ च्या जुलैत, सिनेमाच्या सुमारास आला. जुनी गाणी जुन्या जागी राहिली.

या सगळ्या प्रवासातलं एक माणूस शेवटापर्यंत पोचलं नाही. पॅम द फंकस्ट्रेस ही बँडची डीजे, पहिल्या दिवसांपासूनची. तबकडीवर तिचा हात असा काही चालायचा की प्रिन्स या विख्यात अमेरिकन गायकाने २०१६ च्या आपल्या अखेरच्या दौऱ्यात तिला बरोबर घेतलं होतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ती गेली. त्यानंतर महिनाभराच्या आतच, २० जानेवारी २०१८ ला, सिनेमा सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. अन्नपूर्णा पिक्चर्सने तो विकत घेतला आणि जुलैत तो थिएटरांत लागला.

रायलीचा विचार करताना मला वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आठवत राहतात. दोघांमध्ये खंड आहे, अर्धशतक आहे, तरीही. अण्णाभाऊही चळवळीतून आलेले कलावंत. गिरणीत राबलेले, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलेलं. त्यांचाही हात आधी डफावर होता आणि मग लेखणीवर. 'वैजयंता' ही त्यांची कादंबरी तमाशातल्या बाईची, आणि तिच्यावर १९६१ मध्ये गजानन जागीरदारांनी सिनेमा काढला. १९५९ च्या 'फकिरा'वरही सिनेमा निघाला. शाहीर, कादंबरीकार, सिनेमा, अशी ही चढण आपल्याकडे रायलीच्या जन्माआधीच एका माणसाने चढलेली आहे. फरक एवढाच की कॅमेरा अण्णाभाऊंच्या हातात आला नाही. त्यांच्या पोवाड्यातली जी लय आहे, कडवं संपताना श्रोत्यांच्या तोंडून पुढची ओळ काढून घेण्याची जी हातोटी आहे, ती त्यांनी स्वतः पडद्यावर कशी आणली असती, हे आपल्याला पाहायला मिळालं नाही. मला त्याची हळहळ वाटते. कथा त्यांची घेतली, पण तो कान कुणी घेतला नाही, आणि कान उसना मिळत नाही.

रायलीच्या सिनेमात मला पटलेलं सगळंच आहे असं नाही. उत्तरार्धात, माणसांचे घोडे करण्याचा प्रकार सुरू झाल्यावर, कॅशसची मैत्रीण डेट्रॉइट मागे पडते. टेसा थॉम्प्सनने ती इतक्या ताकदीने उभी केली आहे, कानांतल्या त्या भल्यामोठ्या झुमक्यांपासून तिच्या चित्रप्रदर्शनापर्यंत, की तिला याहून जास्त जागा हवी होती. घोड्यांना माझी हरकत नाही. उलट, नफ्यासाठी माणसाचं जनावर करणं हे वाक्य भाषणात हजारदा ऐकलेलं असतं. ते डोळ्यांनी बघितल्यावर त्याचा वास येतो.

मात्र संपाच्या बाबतीत माझा मित्र माझ्याशी भांडतो. सिनेमात स्क्वीझ नावाचा सहकारी, स्टीव्हन युनने केलेला, कॉल सेंटरमध्ये युनियन बांधतो. सगळे फोन खाली ठेवतात. ऐन त्या वेळी कॅशसला बढती मिळालेली असते आणि तो आपल्याच मित्रांची रांग ओलांडून, पोलिसांच्या कड्यातून, कामावर जातो. माझा हा मित्र आमच्या फ्लोअरवरचा. आमच्याकडे युनियन नव्हती, तिचा विषयही कुणी काढला नाही, पण रात्रीचा भत्ता कापला गेला तेव्हा आम्ही काहीजणांनी मिळून टीएलकडे, म्हणजे टीम लीडरकडे, जायचं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात या मित्राला टीएल केलं. तो आमच्याबरोबर आला नाही. बहिणीचं लग्न होतं, घरावर कर्ज होतं, आणि आम्ही कुणी त्याला कधी त्याबद्दल बोललो नाही.

त्याला मी हा सिनेमा दाखवला. त्याचं म्हणणं, कॅशस रांग ओलांडतो तिथे सिनेमा त्याच्यावर अन्याय करतो. मामाचं घर जप्त व्हायची वेळ आली होती, ते त्याने वाचवलं, याचं मोल सिनेमा धरत नाही. मी म्हणतो, धरतो. म्हणून तर रायलीने ते घर आणि तो मामा आधी इतक्या मायेने दाखवला. कॅशस लोभी असता तर गोष्ट सोपी होती. मित्र म्हणतो, मग त्याला डोक्यात कॅन का मारला? रांग ओलांडताना एक बाई कॅशसच्या कपाळावर शीतपेयाचा कॅन फेकून मारते, त्याचा व्हिडिओ देशभर फिरतो, शीतपेयाची कंपनी त्याची जाहिरात करते, आणि कॅशस पुढे कितीतरी वेळ कपाळाला रक्ताळलेली पट्टी बांधून हिंडतो. मित्राला तो कॅन लागला आहे. मी त्याला म्हटलं, आता अल्बम ऐक, त्यात कॅशसला कुणी काही फेकून मारत नाही, फक्त शिकवायचंय म्हणतात. त्याने तो ऐकायला घेतला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि पटकथेचं पुस्तकही त्याने माझ्याकडून मागून नेलं आहे, रांगेच्या प्रसंगात मुळात काय लिहिलं होतं ते बघायला.